आबाजींचा ओठ आणि विहिरीतली मासोळी

अमरावतीच्या कापूसबाजारात माल पारखणारे पुष्कळ होते, पण कापूस ओठाने पाहणारा माणूस एकच होता. इतर पारखी तंतू ओढून पाहत, मूठ दाबून सोडत, रुई उन्हाकडे धरत. आबाजी हे सगळे करीतच, पण शेवटी चिमूटभर रुई खालच्या ओठावर ठेवून डोळे मिटून घेत. मनात दहापर्यंत मोजावे इतका वेळ ते तसेच उभे राहत. मग डोळे उघडून एक शब्द बोलत : "ओला", "खोटा" किंवा "पक्का". चौथा शब्द त्यांच्याजवळ नव्हता, आणि एकदा उच्चारलेला शब्द त्यांनी कधी बदलला नाही.

अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला वऱ्हाडच्या कापसाची भूक लागली होती तेव्हाची ही गोष्ट. गाड्यांच्या रांगा अकोटच्या वाटेपासून बाजारापर्यंत लागत. ज्यांच्या घरी काल पितळ नव्हते त्यांच्या बैलांच्या शिंगांना आज चांदीच्या टोप्या दिसत. मालाला भाव असला की मालात पाणी, माती आणि सरकी शिरते, हा बाजाराचा जुना नियम. त्यामुळे आबाजींच्या ओठाला त्या वर्षांत जेवढे काम पडले तेवढे आधी कधी पडले नसावे.

आम्ही त्यांचे भाडेकरू. माझे वडील सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करीत, आणि गावाबाहेर आबाजींचा जो भाजीचा व फुलांचा मळा होता त्यातल्या तीन खोल्या आम्ही घेतल्या होत्या. माझे लग्न झाले होते. यजमान पुण्याला शिकत होते, आणि आपण शिकत असता बायकोने नुसते बसून राहू नये, एवढे शहाणपण त्यांच्यापाशी होते. मला वैद्यकी शिकायची होती. मुलींना ती शिकवणारी शाळा माझ्या माहितीत नव्हती, म्हणून वडिलांचा दवाखाना हीच माझी शाळा झाली. औषधे तोलणे, अर्क गाळणे, जखमा धुणे मी तिथे शिकले. रसायनशास्त्र आणि शारीरशास्त्र यांची मराठीत छापलेली दोन पुस्तके मी इतक्या वेळा वाचली की त्यांची शिवण सुटली. माझ्याकडे एक भिंग होते आणि एक वही होती. जे पाहिले ते वहीत लिहायचे आणि जे पाहिले नाही ते लिहायचे नाही, हा माझा नियम.

आबाजी मला पहिल्या महिन्यापासून "डाक्तरीन" म्हणत. त्यात थट्टा किती आणि मान किती, याचे प्रमाण मला शेवटपर्यंत काढता आले नाही.

त्यांच्या ओठाबद्दल मला प्रथम संशयच होता. तो अकोल्याला फिटला. आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंतच आली होती, म्हणून दवाखान्याची औषधांची पेटी उतरवून घ्यायला वडील बैलगाडीने तिकडे निघाले आणि मीही हट्टाने गेले. आबाजींना तिथल्या एका वखारीने माल पाहायला बोलावले होते, म्हणून तेही आमच्याच गाडीत होते. वखारीच्या अंगणात रुईचा डोंगर होता. आबाजींनी चिमूट घेतली, ओठावर ठेवली आणि म्हणाले, "ओला."

दलाल हसून म्हणाला, "आबाजी, नीट पाहा. काल दिवसभर उन्हात होता."

"ओला."

"तुमचा ओठच ओला असंल, बुवा!" सगळे अंगण हसले.

आबाजी रागावले नाहीत. त्यांनी धोतराच्या सोग्याने ओठ पुसला, तोंड सूर्याकडे करून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग ढिगाच्या आतून दुसरी चिमूट काढून दलालापुढे धरली. "माहा राहू दे. तुह्या ओठाले लाव."

एवढ्या लोकांत नाही म्हणणे शक्य नव्हते. दलालाने रुई ओठावर ठेवली. आबाजींनी मोठ्याने दहापर्यंत मोजले. "हं, बोल."

दलाल बोलेना.

"त्याची जीभ बी भिजली वाट्टे," एक गाडीवान मागून म्हणाला, आणि आता अंगण दुसऱ्या बाजूने हसले. परतताना गाडीत मी विचारले, "तो खोटे बोलला असता तर?" आबाजी म्हणाले, "तोंड बोलते खोटं. ओठ नाई बोलत. हाताले इचार, कातड्याले इचार. तोंडाले इचारू नोको कधी." हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणत. त्यांच्या बायकोला, जिला सारा मळा 'माय' म्हणे, ते पाठ होते आणि नकोसेही होते.

"चाळीस वर्सं झाले लग्नाले," माय मला भाजी निवडताना सांगे, तेही आबाजींना ऐकू जाईल अशा आवाजात. "ओला नाई, खोटा नाई, पक्का नाई. मले एकबी शब्द नाई भेटला. पक्की म्हनाले काय जाते यायचं?"

"तुह्या हातची भाकर खातो ना म्या रोज?" आबाजी ओसरीवरून म्हणत. "मंग?"

"मंग काय? भाकर पक्की. म्या कशी, ते सांगा."

यावर आबाजी उठून विहिरीकडे जात. विहिरीत त्यांची मासोळी होती.

विहिरीत मासा सोडणे ही आमच्याकडची जुनी रीत आहे. तो पाण्यातल्या अळ्या खातो आणि पाणी स्वच्छ राहते. पण लोक मासा सोडतात आणि विसरतात. आबाजींनी ही रोहू कौंडण्यपूरच्या जत्रेहून, वर्धा नदीतून, लोट्यात घालून आणली होती तेव्हा ती बोटाएवढी होती. मी पाहिली तेव्हा ती माझ्या हाताएवढी, खांद्यापासून बोटांपर्यंत, झालेली होती. विहीर पायऱ्यांची होती. आबाजी शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून लोटा दगडावर तीनदा आपटत, की हिरव्या पाण्यातून एक तांबूस सावली वर येई आणि त्यांच्या तळहातावर तोंड टेकवी. चौथ्या ठोक्याची तिला कधी गरज पडली नाही. मी स्वतः लोटा आपटून पाहिला आहे, तीनदा आणि तीस वेळाही. ती आली नाही. माझी गाठ तिच्या सवयीशी होती आणि आबाजींची तिच्याशी, असा याचा अर्थ मी तेव्हा वहीत लिहिला नाही, कारण तो सिद्ध करता येत नव्हता.

भाव चढले त्या वर्षी कोणीतरी सुचवले की देवळाच्या कुंडातल्या माशांना घालतात तशी सोन्याची बारीक नथ तिला घालावी. आबाजी म्हणाले, "तिनं मागतली काय? भोक तुह्या नाकाले पाड." गावभर चांदी चालली असता त्यांनी स्वतःसाठी एक जोडासुद्धा नवा घेतला नाही. त्या सुबत्तेत त्यांनी एकच चैन केली. सरकी काढणारे रेचे दिवसभर फिरत होते, सरकीचे ढीग वाटेवर पडत होते. सरकी खाऊन गाई-म्हशींचे दूध दाट होते हे वऱ्हाडात शेंबडे पोरही जाणते. आबाजींनी उत्तम सरकी निवडून, भिजवून, कुटून, तिच्या गोळ्या मासोळीला घालायला सुरुवात केली. त्याआधी तिला कणकेची गोळी आणि विहिरीतले शेवाळ पुरत होते.

त्या पावसाळ्यानंतर ती जाड दिसू लागली. आबाजींना आनंद झाला. होळीनंतर ती तीन ठोक्यांनी येई, पण हळू येई. वैशाखात एका सकाळी ती ठोक्यांशिवायच वर आलेली होती, आणि आडवी होती.

मी भिंग घेऊन पायऱ्या उतरले. पोट फुगून घट्ट झाले होते आणि खवले उभे राहिले होते. ती शेपटीच्या दोन झटक्यांनी खाली जाण्याचा यत्न करी आणि बुचासारखी पुन्हा वर येई. दुसऱ्या दिवशी कावळ्यांना ते कळले. एकाने तिच्या वरच्या डोळ्यावर चोच मारली. तेव्हा आबाजींनी तिला धोतरात धरून वर आणले आणि मोटेजवळच्या दगडी डोणीत विहिरीचे पाणी भरून तीत ठेवले. मग स्वतः काठी घेऊन शेजारी बसले ते पाच दिवस.

ऐन हंगामात पारखी बाजारात नाही, याचा अर्थ काय होतो हे कापसाच्या गावात कोणाला सांगावे लागत नाही. बोलावणी आली. आबाजींनी काठीनेच 'जा' म्हणून खूण केली. चौथ्या दिवशी एक अडत्या स्वतः आला, डोणीत वाकला आणि म्हणाला, "आबाजी, मासोळीसाठी बसले तुमी? लोक हासून राह्यले."

"हासू दे. हासन्यानं कापूस ओला होत नाई."

पण बायकोपुढे ते असे बोलू शकले नाहीत. पाचव्या दिवशी दुपारी माय डोणीपाशी आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आता देवाचं देवाले करू द्या. तुमी उठा."

"देव कावळ्याले पाठवून राह्यला. तुले दिसत नाई काय?"

"मंग आनली तिथं नेऊन सोडा. नदीची होती, नदीले द्या."

आबाजींनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की कौंडण्यपूरला गाडीने दिवस लागेल, वैशाखातले ऊन आहे, आणि ती मडक्यात वाटेतच मरेल, तेही तापलेल्या पाण्यात. नदीला जे पोहोचेल ते प्रेत असेल. मायने कमरेवरचे हात काढले नाहीत. तिला मी आवडत असे, पण माझे बोलणे नेहमीच आवडत असे असे नाही.

भोई त्याच वेळी मळ्यात मासळी विकायला आला होता. त्याने डोणीत पाहून क्षणात निदान केले. "जगत नाई, आबाजी. लाकडाचा एक टोला डोस्क्यावर. डोया लवाच्या आत झालं. आमी रोजच करतो."

"तुह्या हाताले सवय हाय. तिच्या डोस्क्याले नाई."

मी मात्र भोयाच्या बाजूने होते, आणि तसे बोलले. कुशल हाताचा टोला हा सर्वांत जलद उपाय आहे, हे मला आजही मान्य आहे. आबाजींनी भोयालाच विचारले, "एका टोल्यानं नाई झालं तं?"

भोई प्रामाणिक माणूस होता. तो म्हणाला, "मंग दुसरा."

त्या दोन शब्दांनी तो उपाय संपला. आबाजींनी काठी खाली ठेवली आणि मला म्हणाले, "डाक्तरीन, थे रोज मरून राह्यली, अन् म्या पहारेकऱ्यावानी बसून राह्यलो. तिले न दुखवता धाडता येते काय? येत असंल तं सांग. येत नसंल तं तसं सांग. मधातलं सांगू नोको."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या शास्त्राकडे काही मागत होते, आणि मागणारा माणूस असा होता की अर्धवट उत्तर त्याला ओठाने कळले असते. मी म्हणाले, "उद्या सांगते. आधी पाहते."

दवाखान्यात शस्त्रक्रियेसाठी बेशुद्धीचे औषध होते, पण ते रोग्यांसाठी कुलपात असे आणि त्याला हात लावण्याचा मी विचारही केला नाही. लवंगेचे तेल मात्र होते. ते दुखऱ्या दाढेवर लावले की जागा बधिर होते, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. दाढेपाशी जे घडते ते कल्ल्यांतून साऱ्या शरीरात घडेल काय, हा प्रश्न होता. वडिलांनी मला छोटी कुपी दिली आणि म्हणाले, "हे दातांसाठी आहे. माशांसाठी वापरणार असशील तर थेंब मोजून लिहून ठेव."

त्याच संध्याकाळी भोयाकडून मी चार जिवंत लहान मासे घेतले. तेल पाण्यात मिसळत नाही, ते वर तरंगते, म्हणून ते आधी थोड्या मद्यार्कात हलवून दुधासारखे केले आणि मडक्यातल्या पाण्यात थेंब थेंब सोडले. मासे आधी थोडे चपळ झाले, मग संथ, मग कुशीवर कलले. मी चिमट्याने शेपूट दाबली तेव्हा ते हलले नाहीत. दोघांना काढून स्वच्छ पाण्यात ठेवले तर ते काही वेळाने उठून पोहू लागले. उरलेल्या दोघांच्या पाण्यात आणखी थेंब घातले आणि त्यांना तिथेच राहू दिले. ते उठले नाहीत, आणि शेवटपर्यंत त्यांनी एकही झटका दिला नाही. मी हे सर्व आबाजींच्या समोर केले. ते उकिडवे बसून पाहत होते.

"झोपले हे दिसते," ते म्हणाले. "दुखलं नाई हे कसं समजलं?"

प्रश्न योग्य होता. मी म्हणाले, "ते कोणालाच पूर्ण समजणार नाही. चिमटा घेतला तर हलत नाहीत, एवढेच मला दिसते."

"आन थे तेल."

मला वाटले ते वास घेतील. त्यांनी बोट कुपीत बुडवून तेल सरळ खालच्या ओठावर चोळले. डोळ्यांना पाणी आले, पण हलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "रुई आन. एक चिमूट कोल्डी, एक पान्याचा हात लावलेली. मले सांगू नोको कोनती कोनती."

मी दोन चिमट्या तयार केल्या आणि त्यांनी डोळे मिटल्यावर एक त्यांच्या ओठावर ठेवली. मनात दहा मोजले, वीस मोजले. मग दुसरी ठेवली. माय हातातले सूप तसेच धरून उभी होती. ज्या ओठाने अकोल्याच्या दलालाला गप्प केले होते तो ओठ काही बोलेना.

आबाजींनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर मी भीती तेवढ्याच वेळी पाहिली.

"समजून नाई राह्यलं," ते म्हणाले. "कोनती ओली?"

"दुसरी."

त्यांनी दोन्ही चिमट्या पाहिल्या, बोटांनी दाबून खात्री केली आणि ओठ पुसला. "माहा ओठ मेला तं तिचंबी दुखनं मरंल. उद्या सकायी कर."

माणसाच्या ओठावरून माशाच्या वेदनेचे अनुमान काढणे शास्त्राला धरून नाही. हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी स्वतःचे हत्यार बोथट करून पाहिले होते, आणि त्यापेक्षा मोठी कसोटी माझ्याजवळ नव्हती.

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही डोणीपाशी जमलो. कालपर्यंत देवाचे देवाला करू द्या म्हणणारी माय काठी घेऊन कावळ्यांना हाकलत उभी राहिली. तिला कोणी सांगितले नव्हते. आबाजींनी लोटा डोणीच्या काठावर तीनदा आपटला. मासोळीने तोंड वळवले. त्यांनी बाही सारून हात पाण्यात घातला आणि तळवा तिच्या पोटाखाली धरला. "टाक," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मी थेंब मोजत होते. पाणी पांढुरके झाले. तिच्या कल्ल्यांची उघडझाप मी वडिलांच्या घड्याळाशी ताडून पाहत होते. ती मंद होत गेली. मी शेपूट दाबली, ती हलली नाही. मी उरलेली मात्रा घातली. बऱ्याच वेळाने कल्ले थांबले. मी घड्याळ मिटले. "आबाजी, झाले."

"थांब."

"कल्ले थांबले आहेत."

"थांब म्हनतो ना, पोरी. हाय अजून."

मला काहीच दिसत नव्हते. आबाजी डोळे मिटून, पाण्यात हात धरून बसले होते. मायनेही काठी स्थिर केली. मी पुन्हा घड्याळ उघडले. खूप वेळ गेला. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि ते म्हणाले, "गेली."

कल्ले थांबल्यावरही माशाचे हृदय काही काळ चालत राहते, हे मला नंतर दुसऱ्या माशांवर पाहून कळले. त्या सकाळी ते त्या मळ्यात फक्त एका तळहाताला ठाऊक होते. मी घाईने तिला पाण्याबाहेर काढले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्यानंतर प्रत्येक रोग्याच्या नाडीवर बोट ठेवताना केला आहे.

आबाजींनी हात पुसला आणि दुसरे काही बोलण्याआधी विचारले, "काहून मेली?"

"उघडून पाहावे लागेल."

माय म्हणाली, "बाई, आता तरी सोड तिले!" पण आबाजींनी मान हलवली. "फाडून पाह्य. माल आतून पाहा लागते."

केळीच्या पानावर मी तिला उघडले. पोटात पाणी साचले होते. यकृत फिके, पिवळट आणि ठिसूळ झाले होते. आतडी सरकीच्या टरफलांनी भरलेली होती. मी वही चाळली. सरकी कधी सुरू झाली, ती जाड कधी दिसू लागली, मंद कधी झाली, या सर्वांच्या नोंदी माझ्यापाशी होत्या. सगळे एका ओळीत बसत होते, आणि ते बसलेले पाहून मला, खरे सांगायचे तर, आनंद झाला. निदान सापडल्याचा आनंद इतका स्वच्छ असतो की ते निदान कोणाला सांगायचे आहे हे क्षणभर आठवत नाही.

"बोल," आबाजी म्हणाले. "एका शब्दात."

मी म्हणाले, "सरकी."

त्यांनी केळीचे पान दुमडून उचलले. मासोळी चिंचेखाली पुरली. गोठ्याजवळचे निवडलेल्या सरकीचे पोते त्यांनी स्वतः पाठीवर घेतले आणि वाटेवरच्या ढिगात नेऊन ओतले. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि नेहमीसारखे तीन शब्द बोलून परत आले. पण विहिरीच्या पायऱ्या ते पुढे कित्येक महिने उतरले नाहीत. माय मला म्हणाली, "खरं असंल तुहं. पन यायच्या हातानं मेली, हे यायले सांगाले तुले जराबी थांबावं नाई वाटलं?"

पावसाळ्यात मी ती नोंद पुन्हा वाचली. मडक्यातल्या माशांसाठी मी दोन-दोन केले होते, तुलना ठेवली होती. इथे मासोळी एकच होती. सरकी न खाणारी दुसरी मासोळी नव्हती. शिवाय ती म्हातारी होती. जे एका ओळीत बसते ते खरेच असते असे नाही. मी एका उदाहरणावरून निकाल दिला होता, आणि ज्याला दिला तो माणूस निकाल कधी न बदलणारा होता. मी ओसरीवर गेले आणि उभ्यानेच सगळे सांगितले. सरकीचा संशय दाट आहे, पण सिद्ध झालेला नाही. वयही असू शकते. मी घाई केली.

आबाजींनी बोटाने खालचा ओठ चाचपला. "चाळीस वर्सं म्या या बाजारात हाय," ते म्हणाले. "दहा मोजल्याबिगर म्या पक्का म्हनत नाई. तुले काहून घाई झाल्ती?"

माझ्याजवळ उत्तर होते, पण ते चांगले नव्हते.

तोवर समुद्रापलीकडची लढाई मिटली होती आणि कापसाचा भाव खाली येत होता. शिंगांवरच्या टोप्या एकेक करून उतरल्या. कार्तिकात आबाजी कौंडण्यपूरच्या जत्रेला जाऊन आले. आल्याबरोबर, पाय न धुता, आमच्या दारात येऊन त्यांनी एक लोटा खाली ठेवला. आत बोटाएवढे रोहूचे पिल्लू होते.

"डाक्तरीन," ते म्हणाले, "आता सांग. इले काय खाऊ घालू?"

तोंडाला कधी विचारू नये म्हणणारा माणूस विचारत होता. मी मनात दहापर्यंत मोजले आणि म्हणाले, "ठाऊक नाही, आबाजी."

ते हसले. पाठीमागे धरलेला दुसरा हात त्यांनी पुढे आणला. त्या हातातही लोटा होता आणि त्यातही एक पिल्लू होते. "म्हनून दोन आनल्या. एकीले डोनीत कनीक दे, एकीले विहिरीत नुसतं शेवाळ राहू दे. पाहू. पन सरकी कोनालेच नाई, सांगून ठेवतो."

"मग सरकीचा निकाल कधीच लागणार नाही."

"नोको लागू."

मी वहीत सरकीपुढे 'अनिर्णित' असे लिहिले. ते आजही तसेच आहे.

त्याच आठवड्यात वडिलांसाठी निरोप घेऊन मी बाजारात गेले होते. एका गाडीच्या मालाभोवती गर्दी होती. आबाजींनी चिमूट ओठावर ठेवून डोळे मिटले होते. लोक दहापर्यंत थांबले. आबाजींनी डोळे उघडले नाहीत. दुसरी चिमूट ठेवली. कोणीतरी खोकले. अडत्या म्हणाला, "बोला, आबाजी. ओला, खोटा, का पक्का?"

आबाजींनी रुई हातात घेतली आणि म्हणाले, "ठाऊक नाई. दोन ढीग करा. एक उन्हात, एक सावलीत. पाहू."